पळताना ऐकायचा रेडिओ कसा निवडावा

दुकानाच्या काउंटरवर खणखणीत वाजणारा रेडिओ दंडाला बांधून पळायला लागलं की खरखरतो, आणि बहुतेक वेळा सेट खराब नसतोच. पळताना तीन गोष्टी एकदम बदलतात. सेट सारखा हलतो, घामाने भिजलेलं अंग त्याला चिकटलेलं असतं, आणि त्याची अँटेना, म्हणजे इयरफोनची वायर, पावलागणिक जागा बदलते. म्हणून खोक्यावर छापलेल्या ‘दहा बँड’, ‘सुपर बास’, टॉर्च, मेमरी कार्ड यांना इथे काडीची किंमत नाही. वायर, लॉक, मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज देण्याची सोय) आणि वजन एवढं नीट बघितलं तर पाचशे रुपयांच्या आसपासच्या सेटवरही काम भागतं. ते न बघता घेतलेला तीन हजारांचा सेट महिन्याभरात कपाटात जातो.

आधी स्टेशन ठरवा, मग सेट

मुंबई-पुण्यात काटा कुठेही फिरवला तरी काहीतरी लागतं. मराठवाड्यात तसं नाही. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड सोडलं तर खासगी एफएम विरळच, आणि बऱ्याच गावांना आकाशवाणी हाच खरा आधार. संभाजीनगरात मिर्ची ९८.३ वर आहे. आकाशवाणी बीड १०२.९ मेगाहर्ट्झवर आणि नांदेड १०१.१ वर आहे. मिडियम वेव्हवर, म्हणजे एफएमच्या आधीपासूनच्या जुन्या पट्ट्यावर, परभणी केंद्राची ओळख १३०५ किलोहर्ट्झ आणि संभाजीनगरची १५२१.

मिडियम वेव्हसाठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी मात्र थांबा. गेल्या काही वर्षांत आकाशवाणीने देशभरातले बरेच मिडियम वेव्ह ट्रान्समीटर बंद केले आणि कार्यक्रम एफएमवर व मोबाइल ॲपवर नेले. घरात किंवा शेजारी एखादा जुना सेट असेल तर पहाटे पळायच्या वेळेलाच तो अंगणात लावून बघा. दिवसा लागणारं आणि पहाटे लागणारं स्टेशन एकच असेल असं नाही. अंधार असताना मिडियम वेव्हवर लांबची स्टेशनं घुसतात, आणि पहाटे पाचला स्वच्छ वाटलेलं स्टेशन उजाडल्यावर पुसट होतं.

एफएमचं गणित वेगळं आहे. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. १०० वॅटचा छोटा रिले ट्रान्समीटर असेल तर दहा-बारा किलोमीटरच्या पुढे फार अपेक्षा ठेवू नका. मोठ्या ट्रान्समीटरचा आवाज सपाट शिवारात पन्नास-साठ किलोमीटरपर्यंतही येतो, पण मध्ये डोंगर आला की संपलं. बालाघाटाच्या पायथ्याच्या गावांत, मांजरसुंब्यासारख्या घाटाच्या वळणांवर किंवा दौलताबाद-खुलताबादच्या चढावर शंभर पावलांत स्टेशन जातं आणि परत येतं. तिथे कितीही भारी सेट घेतला तरी टेकडीच्या सावलीत तो मुकाच राहणार.

म्हणून खरेदीच्या आधी एक काम करा. कुणाचा तरी सेट किंवा एफएम असलेला फोन मागून घ्या, रोजच्या वाटेवर एकदा चालत जा आणि कुठे कोणतं स्टेशन लागतं, कुठे जातं ते लिहून ठेवा. सबंध वाटेवर दोन स्टेशनं नीट लागत असतील तर साधा सेट पुरेल. अर्ध्या वाटेत खरखर असेल तर पुढचा मजकूर लक्ष देऊन वाचा.

वायर हीच अँटेना

खिशातल्या एफएम सेटला बाहेर काढायची दांडी नसते. इयरफोनची वायरच लहरी पकडते. एफएमची लहर साधारण ३ मीटर लांबीची असते आणि तिच्या पाव लांबीची, म्हणजे सुमारे ७५ सेंटिमीटरची वायर अँटेना म्हणून चांगलं काम करते. यावरून पुढचं बरंच काही आपोआप ठरतं.

ब्लूटूथ इयरफोनला वायरच नसते, त्यामुळे तो लावून खिशातला एफएम सेट ऐकता येत नाही. ‘ब्लूटूथ रेडिओ’ म्हणून विकले जाणारे बहुतेक सेट फोनवरचं गाणं स्वतःच्या स्पीकरवर वाजवतात, स्वतःचा आवाज तुमच्या इयरफोनला पाठवत नाहीत. दुकानदार “ब्लूटूथ आहे ना भाऊ” म्हणाला की विचारा, पाठवतो की नुसता घेतो? त्याला ठाऊक नसेल तर तिथेच जोडून दाखवायला सांगा. क्वचित एखादा सेट पाठवतो, पण मग अँटेनासाठी वेगळी वायर किंवा दांडी लागते, आणि पळताना ती डोळ्यात जायची.

दुसरी चूक गुंडाळण्याची. वायर लांब पडते म्हणून लोक तिची घट्ट गुंडाळी करून रबर लावतात. त्याने अँटेना आखूड होते आणि कडेची स्टेशनं जातात. त्यापेक्षा सेट जिथे बांधणार तिथून कानापर्यंतचं अंतर मोजून वायर घ्या. दंडावर सेट असेल तर ६० ते ७५ सेंटिमीटर पुरे. कमरेला असेल तर १ मीटर ते १.२ मीटर. थोडी वायर उरलीच तर ती घट्ट न गुंडाळता पाठीवर सैल सोडा आणि मानेजवळ चिमट्याने टी-शर्टला अडकवा. चिमटा नसेल तर टी-शर्टच्या आतल्या बाजूला दोन टाके घालून एक सैल फास करा, वायर त्यातून न्या.

हा चिमटा आणखी एका कारणासाठी हवा. वायर टी-शर्टवर आपटली की तो ठक-ठक आवाज वायरीतून सरळ कानात येतो. इअरबड कानात जितका घट्ट तितका हा आवाज मोठा.

वायर घामाने ओल्या पाठीला चिकटली की पकड कमी होते, कारण ओलं अंग लहरी शोषतं. वायर टी-शर्टच्या बाहेरून गेली तर सिग्नल जास्त मिळतो, आतून गेली तर आपटणं कमी. गावात जवळचं स्टेशन असेल तर आतून न्या, दूरचं असेल तर बाहेरून.

आता पिन. मोबाइलच्या माइकवाल्या इयरफोनच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, नुसत्या ऐकायच्या इयरफोनवर दोन. जुन्या पद्धतीच्या रेडिओत तीन रेघांची पिन घातली की कधी कधी विचित्र प्रकार होतो. संगीत ऐकू येतं पण गाणाऱ्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा पुसट येतो, आणि माइकचं बटण दाबून धरलं की तो परत येतो. सेट बिघडलेला नसतो, पिन जुळत नसते, आणि त्यासोबत अँटेनाचा जोडही कच्चा राहतो. रेडिओसाठी दोन रेघांचा साधा इयरफोनच घ्या, आणि पिन सरळ न घेता काटकोनातली घ्या. सरळ पिन खिशाबाहेर काठीसारखी उभी राहते, प्रत्येक पावलाला वाकते आणि वायर पिनेच्या मानेशीच तुटते. एका कानाचा आवाज गेला की दहापैकी आठ वेळा दोष तिथेच सापडतो.

काही स्वस्त सेटची खाच मोनो असते. तिच्यात स्टिरिओ इयरफोन घातला की एकाच कानात वाजतं. रस्त्यावर पळणाऱ्याला हे खरं तर सोयीचंच, पण दुकानात ‘पीस खराब आहे’ म्हणून परत करू नका.

मिडियम वेव्ह हवी असेल तर सेट कसा बांधायचा

मिडियम वेव्हला इयरफोनची वायर लागत नाही. सेटच्या आत फेराइटची एक काळी कांडी असते, तीच अँटेना. या कांडीला दिशा असते. तिची बाजू स्टेशनकडे असली की आवाज भरून येतो आणि टोक स्टेशनकडे झालं की आवाज पडतो. शिवाय कांडी आडवी असली पाहिजे. उभी झाली की जवळजवळ काहीच पकडत नाही.

उभट आकाराच्या खिशातल्या सेटमध्ये कांडी सहसा वरच्या आखूड कडेला लावलेली असते. असा सेट उभा बांधला तर ठीक. पण तोच सेट कमरेच्या पट्ट्यात आडवा निजवला की आतली कांडी उभी होते आणि स्टेशन गायब होतं. लोक याला ‘पट्ट्यात टाकलं की रेंज जाते’ म्हणतात. सेट उभा करून बघा, प्रश्न तिथल्या तिथे सुटतो.

उभा सेट पोटावर किंवा पाठीवर असला की कांडी अंगाला आडवी, डावीकडून उजवीकडे असते. ज्या रस्त्यावर स्टेशन समोर किंवा मागे आहे तिथे हे उत्तम. सेट दंडावर बाहेरच्या बाजूने बांधला की कांडी पुढून मागे होते, तेव्हा स्टेशन डाव्या-उजव्या हाताला हवं. मैदानावर गोल पळणाऱ्याचा आवाज प्रत्येक फेरीत दोनदा पडतो, कारण तुम्ही सबंध वळता तेव्हा कांडीचं टोक दोनदा स्टेशनकडे होतं. हा पडणारा भाग ट्रॅकच्या लांब सरळ बाजूंवर येत असेल तर सेट दंडावरून पोटावर घ्या, म्हणजे तो वळणांवर सरकतो आणि तेवढाच वेळ ऐकू येत नाही.

शिवारातल्या रस्त्यावर मिडियम वेव्हला आणखी एक त्रास आहे. रोही आणि डुकरं पिकात येऊ नयेत म्हणून शेताला लावलेल्या झटका मशीनचा ठोका साधारण सेकंदाला एक असा रेडिओत टिक-टिक ऐकू येतो. तारेला गवत टेकलं असेल तर तो जास्तच. डीपीखालून किंवा मोठ्या लाइनखालून जाताना भणभण येते. स्वस्त एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जरही तेच करतात, म्हणून मिडियम वेव्ह दुकानाच्या आत तपासण्यात अर्थ नाही. सेट घेऊन रस्त्यावर या. एफएमला हा त्रास फारच कमी.

सेटमध्ये काय हवं

काट्याचा सेट घ्यायचा की आकड्यांचा? घरात काट्याचा चांगला, पळायला आकड्यांचा. काट्याच्या सेटमध्ये चाक थोडं जरी हललं तरी स्टेशन सरकतं, आणि दंडावर बांधलेल्या सेटचं चाक हलणारच. ज्याच्याकडे काट्याचा आहे त्याने स्टेशन लावून चाकावर चिकटपट्टी मारावी, चालून जातं.

आकड्यांच्या सेटमध्ये एफएमचा पट्टा ८७.५ ते १०८ असा पूर्ण आहे ना बघा. जपानमधून कुणी आणलेले जुने सेट ७६ ते ९० एवढाच पट्टा घेतात. ते कितीही मजबूत असले तरी इथे निरुपयोगी. मिडियम वेव्ह आपल्याकडे ९ किलोहर्ट्झच्या टप्प्याने असते, अमेरिकेत १० च्या. सेट १० च्या टप्प्यावर असेल तर तो १३०० वरून सरळ १३१० वर जातो, मधलं १३०५ नीट लागतच नाही. १५२१ ऐवजी १५२० लागतं, ते ऐकू येतं पण किंचित फाटकं. बऱ्याच सेटमध्ये हा टप्पा बदलता येतो. बंद सेटचं एखादं बटण दाबून धरावं लागतं, माहितीपत्रकात असतं.

लॉक हवाच. तो सरकवायचा असावा, दाबून धरायचा नको. बाहीच्या घासण्याने किंवा पट्ट्याच्या दाबाने बटण दबतं, स्टेशन बदलतं किंवा आवाज एकदम वाढतो. लॉक केल्यावर आवाजाचं बटण चालू राहतं की तेही बंद होतं, हे सेटगणिक वेगळं असतं. आवाज कमी-जास्त करता येईल आणि बाकी सगळं बंद राहील, असा सेट मिळाला तर तोच घ्या. मागून ट्रॅक्टर आला की लॉक काढत बसायला वेळ नसतो.

मोनोची कळ ही सर्वात दुर्लक्षित गोष्ट. एफएम स्टिरिओ ऐकायला मोनोपेक्षा बराच जास्त सिग्नल लागतो. कमी सिग्नलमध्ये सेट क्षणाक्षणाला स्टिरिओ-मोनो करत राहतो, आणि पळताना तर लहरीचे जोरदार आणि कमजोर ठिपके दीड-दोन पावलांवर येत असल्याने खर्र-साफ-खर्र असं चालू राहतं. कळ मोनोवर टाकली की निम्मी खरखर तिथेच जाते. पळताना एक कान मोकळा ठेवणार असाल तर स्टिरिओचा तसाही उपयोग नाही.

जवळ-दूर अशी आणखी एक कळ काही सेटवर असते, तिच्यावर ‘लोकल’ आणि ‘डीएक्स’ लिहिलेलं असतं. गावाकडे ती कायम डीएक्सवर ठेवा. ट्रान्समीटरच्या अगदी जवळ राहत असाल आणि एक स्टेशन दुसऱ्यावर चढत असेल तरच लोकल.

स्टेशन आपोआप शोधण्याची सोय कमजोर स्टेशन टाळून पुढे जाते. बीड जिल्ह्याच्या टोकाला १०२.९ आपोआप सापडलं नाही म्हणून ते लागत नाही असं नाही. हाताने एक-एक दशांश पुढे जाऊन तिथे थांबा, मग ते मेमरीत टाका. मेमरी दहा स्टेशनांची असली तरी खूप झाली. मात्र सेल काढल्यावर ती पुसली जाते का हे दुकानातच बघा. काही सेट मिनिटभरातच सगळं विसरतात.

ज्या सेटमध्ये मेमरी कार्ड, ब्लूटूथ आणि एफएम तिन्ही आहेत त्यातल्या कित्येकांत प्रत्येक वेळी चालू केल्यावर आधी मोठ्या आवाजात एखादी बाई इंग्रजीत ‘ब्लूटूथ मोड’ असं ओरडते आणि मग तीनदा बटण दाबून एफएमवर यावं लागतं. पहाटे साडेपाचला घरातले झोपलेले असताना हा प्रकार नको असेल तर नुसता रेडिओ असलेला सेट घ्या.

वजन आणि बांधणी

सेल आणि इयरफोन धरून १०० ग्रॅमच्या आत. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून बघा, लाजू नका. दोन मोठ्या पेन्सिल सेलवर चालणारा स्पीकरवाला सेट सहज पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम भरतो. तो ओट्यावर ठेवायला चांगला, दंडावर पाच किलोमीटरनंतर त्याचा पट्टा खाली सरकतो.

चड्डीच्या इलॅस्टिकला चिमट्याने सेट अडकवायचा असेल तर ६०-७० ग्रॅमच्या वर नको. चिमटा स्प्रिंगचा धातूचा असावा. सेटच्याच अंगात ओतलेला प्लास्टिकचा चिमटा एक उन्हाळा काढत नाही. सर्वात कमी उसळी कमरेच्या मागच्या खळगीत बसते. पळण्याचा पातळ इलॅस्टिक पट्टा तिथे घट्ट बांधून सेट आत ठेवला तर तो जवळजवळ हलत नाही. अडचण एकच, बटणापर्यंत हात पोहोचत नाही. त्यामुळे निघण्याआधी स्टेशन लावा, लॉक करा.

सेल की चार्जिंग

ट्रिपल-ए सेलवर चालणारा सेट आजही सोयीचा, कारण असा सेल गावातल्या कुठल्याही किराणा दुकानात मिळतो. चार्ज होणारे सेल घेतले तर खर्चही वाचतो. असा सेल १.२ व्होल्टचा आणि साधारण ८०० मिलिअँपिअर-अवरचा असतो. सेट ४० मिलिअँपिअर ओढत असेल तर २० तास, म्हणजे रोज तासभर पळणाऱ्याला आठवड्याची सुटी धरून तीन आठवडे. ‘बॅटरी कमी’ ही खूण मात्र लवकर दिसेल, कारण काही सेट १.५ व्होल्टच्या हिशेबाने मोजतात. घाबरून सेल टाकू नका.

पळताना सेट मध्येच बंद होऊन परत चालू होत असेल तर सेलचा स्प्रिंग सैल आहे. धक्क्याने क्षणभर जोड तुटतो. सेल आणि झाकण यांच्यामध्ये फोमचा किंवा कागदाची घडी केलेला छोटा तुकडा ठेवा.

बीएल-५सी ही जुन्या नोकियाची ३.७ व्होल्टची बॅटरी घेणारे सेट आपल्याकडे भरपूर मिळतात आणि चालतातही चांगले. बॅटरी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सहज मिळते. एवढंच की एप्रिल-मेमध्ये मोटरसायकलच्या डिक्कीत किंवा उन्हातल्या गाडीत सेट ठेवू नका. आपल्याकडे सावलीतच पारा ४०-४२ ला जातो, बंद गाडीत त्याहून कितीतरी वर. अशा बॅटऱ्या गरम असताना चार्जिंगला लावल्या की फुगतात. झाकण बसेनासं झालं, बॅटरी टेबलावर ठेवल्यावर भिंगरीसारखी फिरली, की ती बदला. टोचून, दाबून बघू नका.

घाम आणि पाऊस

आयपीएक्स४ लिहिलेलं असेल तर सगळ्या बाजूंनी उडणारे पाण्याचे थेंब सेट सोसतो. पण यात मेख आहे. ही खात्री सगळी रबरी झाकणं बंद असतानाची असते. इयरफोनची पिन घातली की ते झाकण उघडंच राहतं, आणि घाम वायरीवरून ओघळत थेट तिथेच येतो. म्हणून पिनेची बाजू खाली येईल असा सेट बांधा, किंवा वायरीला पिनेच्या जवळ खाली झुकलेला एक बाक द्या म्हणजे थेंब बाकावरून गळतो.

साध्या सेटला किराणा दुकानातली घट्ट बंद होणारी छोटी पिशवी पुरते. कोपऱ्यातून पिनेएवढं भोक पाडून वायर बाहेर काढा आणि तिथे चिकटपट्टी लावा. घरी आल्यावर मात्र पिशवीतून काढाच, नाहीतर आतला दमटपणा दिवसभर सेटला खातो.

पळून आल्यावर पिन काढून कोरड्या फडक्याने पुसा. पिन फिरवली की कडकड येत असेल तर खाचेत घामाचं मीठ बसलं आहे. सेल काढा, दात कोरायच्या काडीला कापूस गुंडाळून मोबाइल दुरुस्तीवाल्याकडचं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, खाच आतून पुसा आणि अर्धा तास वाळू द्या. अल्कलाइन सेल गळून पांढरी भुकटी जमली असेल तर ती क्षारयुक्त असते. कापसावर लिंबाचे दोन थेंब घेऊन पुसा, मग किंचित ओल्या कापसाने, मग कोरड्याने. हात धुवा.

दुकानात दहा मिनिटं

पैठण गेट असो, लातूरची गंजगोलाई असो की तालुक्याचं मोबाइलचं दुकान, स्वतःचा दोन रेघांचा इयरफोन घेऊन जा आणि या क्रमाने बघा.

१. सेल घालून दुकानाबाहेर या. लिहून आणलेल्या स्टेशनांपैकी सर्वात कमजोर स्टेशन हाताने लावा. जोरदार स्टेशनवर सगळेच सेट चांगले वाजतात.

२. मोनो करा. फरक पडला नाही तर कळ नुसती शोभेची आहे.

३. सेट खिशात टाकून लॉक लावा आणि जागच्या जागी तीस पावलं पळा. स्टेशन सरकलं, बंद पडलं, कडकड आली तर पुढे बघूच नका.

४. पिन धरून हळूच फिरवा. नव्या सेटमध्येच आवाज तुटत असेल तर खाच सैल आहे.

५. आवाज अगदी कमीवर आणा. काही सेटचा पहिला टप्पाच कानठळ्या बसवतो.

६. सेल काढा, मिनिटभर थांबा, परत घाला. मेमरी टिकली का?

७. न बघता बोटांनी आवाज आणि लॉक सापडतात का? पहाटे अंधारात हेच करायचं आहे.

दुकानदार बाहेर नेऊ देत नसेल तर दुसरं दुकान बघा. ऑनलाइन घेणार असाल तर परत करायची मुदत असलेलाच घ्या आणि हीच परीक्षा पहिल्याच दिवशी करा.

रस्त्यावर

एकच इअरबड लावा, आणि तोही रस्त्याच्या बाहेरच्या कानात. उजव्या कडेने पळा म्हणजे समोरून येणारी वाहनं दिसतात, आणि मग बाहेरचा कान उजवा. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या हंगामात हे जास्तच पाळायला हवं. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पहाटे बिनालाइटचा येतो, मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर असेलच असं नाही, आणि उसाची टिपरं कडेला बाहेर निघालेली असतात. त्याच्या टेपचा आवाज आला तरी ट्रॉली किती रुंद आहे ते कळत नाही. मागून काही येतंय असं वाटलं की आधी कडेला उतरा.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. मुलांचे १६०० मीटर, मुलींचे ८०० मीटर आणि दोघांचेही १०० मीटर तुम्हाला रेडिओशिवाय पळायचे आहेत. त्यामुळे वेळ लावून पळायच्या दिवशी कान मोकळे ठेवा. हळू आणि लांब पळायच्या दिवशी रेडिओ चांगला. सकाळी ७ वाजून १० मिनिटांच्या आकाशवाणीच्या मराठवाड्यातल्या प्रादेशिक बातम्या ऐकल्या तर चालू घडामोडींचाही अभ्यास होतो. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच पुन्हा लावता येतात, तेव्हा बातम्यांसाठी थेट आकाशवाणीचंच स्टेशन मेमरीत पहिल्या क्रमांकाला टाका.

फोनवरच ऐकलं तर?

चालतं, पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. फोनमधला खरा एफएम वायरीच्या इयरफोनशिवाय लागत नाही, कारण तिथेही वायर हीच अँटेना. २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोबाइल कंपन्यांना फोनमधला एफएम चालू ठेवण्याची सूचना केली होती, तरी घ्यायच्या मॉडेलमध्ये तो आहे का ते बघूनच घ्या. दुसरा रस्ता आकाशवाणीच्या न्यूजऑनएअर ॲपचा. त्यावर ब्लूटूथ इयरफोन चालतो आणि डोंगराची सावली आडवी येत नाही. पण नेट लागतं, शिवारात नेट गेलं की आवाजही गेला, आणि बातम्या प्रत्यक्ष प्रसारणापेक्षा काही सेकंद उशिरा येतात. त्यावरून घड्याळ लावू नका. शिवाय फोन दोनशे ग्रॅमच्या घरात असतो, म्हणजे दंडाचा पट्टा रुंद आणि मागून रबर लावलेला घ्यावा लागतो, नाहीतर कोपरापर्यंत घसरतो.